युरोपात स्वतः गाडी चालवायची आहे: मोबाइलमधला नकाशा पुरेल, की वेगळे यंत्र घ्यावे?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही उभयता जर्मनीला जात आहोत. मुलगा कार्ल्सरूहे येथे शिकतो. त्याच्याकडे चार दिवस राहायचे, मग भाड्याची गाडी घेऊन बाझेल, लुझर्न, गॉटहार्डचा बोगदा आणि मिलान या वाटेने फ्लॉरेन्सपर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा बेत आहे. गाडी मीच चालवणार आहे. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी आरटीओत अर्ज दिला आहे, त्यामुळे ती बाजू मार्गी लागली. अडले आहे ते नकाशापाशी.

बेळगाव ते पुणे आणि बेळगाव ते पणजी या रस्त्यांवर माझी तीस वर्षे गेली. ते रस्ते पाठ असल्यामुळे नकाशा कधी लागलाच नाही. कुठे वाट चुकलीच तर काच खाली करून पानपट्टीवाल्याला मराठीत विचारायचे आणि त्याला मराठी येत नसेल तर कानडीत विचारायचे, एवढ्यावर आजवर भागले. तिकडे ही सोय नाही. मुलाला विचारून पाहिले. परंतु तो सायकल आणि रेल्वेवरच दिवस काढत असल्यामुळे या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग नाही. शेजारी बसून वाट सांगण्याचे काम सौ.कडे राहील, तेव्हा जे काही घ्यायचे ते तिलाही सहज वापरता आले पाहिजे.

मोबाइलमधले अ‍ॅप पुरेल, की काचेवर लावायचे वेगळे जीपीएस यंत्र विकत घ्यावे? नेट गेले तर नकाशा चालतो का? पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅपमध्ये फुकटच्या अ‍ॅपपेक्षा खरोखर काही अधिक मिळते का? ज्यांनी तिकडे स्वतः गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर यांचे उत्तर

नमस्कार साहेब. दोन वर्षांपूर्वी आम्ही जवळजवळ याच वाटेने गेलो होतो, म्हणून थोडे लांबवून लिहितो.

नेटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आपण कुठे आहोत हे मोबाइलला उपग्रहांकडून कळते आणि त्यासाठी नेट लागत नाही. नेट लागते ते नकाशा आणायला, पत्ता शोधायला आणि पुढे रस्ता तुंबला आहे का ते कळायला. नकाशा घरूनच डाउनलोड करून नेला तर पहिली दोन कामे नेटशिवाय होतात; तिसरे मात्र होत नाही.

जर्मनीत उतरल्यावर सिम घेऊ म्हणजे झाले, असे कृपया समजू नका. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग आकाराशिवाय चालते. परंतु स्वित्झर्लंड त्या संघात नाही. काही कंपन्यांच्या योजनेत तो देश धरलेला असतो, काहींच्या योजनेत नसतो, आणि नसेल तर बाझेलला सीमा ओलांडल्यावर एकतर नेट बंद पडते किंवा त्याचे बिल अंगावर येते. पूर्वी कर्नाटकातले कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात कागलच्या हद्दीत शिरल्याबरोबर मोबाइल रोमिंगवर जायचा आणि घरून आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जायचा, तसलाच हा प्रकार आहे. म्हणून जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटली या तिन्ही देशांचे नकाशे निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

माझा मुख्य वाटाड्या ‘हिअर वीगो’ हे अ‍ॅप होते. ते फुकट आहे, त्यात देशच्या देश डाउनलोड करता येतो आणि नेट बंद असतानाही पत्ता शोधता येतो. गूगल मॅप्सही सोबत होते. पण त्याच्या ऑफलाइन नकाशाच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. त्यात आपण चौकोन आखून तेवढा भाग उतरवतो, आणि संपूर्ण रस्ता उतरवलेल्या भागात बसला तरच नेटशिवाय मार्ग मिळतो. तोही फक्त गाडीचा. पायी जाण्याचा मिळत नाही, बस-रेल्वेचा मिळत नाही, पर्यायी रस्ते दिसत नाहीत आणि कोणत्या लेनमध्ये राहायचे तेही कळत नाही. नेट असेल तेव्हा मात्र रहदारीचा अंदाज घ्यायला ते उपयोगी पडते, विशेषतः गॉटहार्डसाठी. हा बोगदा १६.९ किलोमीटर लांबीचा आहे, १९८० पासून वापरात आहे, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्याच्या तोंडाशी गाड्यांची लांबलचक रांग लागते. रांग मोठी दिसली तर सान बर्नार्दिनोकडून जाणारा ए-१३ हा दुसरा रस्ता आहे. पण तो निर्णय बराच आधी घ्यावा लागतो, आणि त्या वेळी नेट हाताशी असलेले बरे.

नकाशाने न सांगितलेल्या गोष्टींनीच आम्हाला अधिक सतावले. स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर जागोजागी टोलनाके नाहीत. त्याऐवजी ४० फ्रँकचे वार्षिक विनियेट, म्हणजे टोल भरल्याचा काचेवर लावायचा स्टिकर, घ्यावे लागते. ऑगस्ट २०२३ पासून ते गाडीच्या नंबरावर ऑनलाइनही मिळते. कार्ल्सरूहेला घेतलेल्या भाड्याच्या गाडीवर ते आधीच असेल असे धरून चालू नका, काउंटरवर विचारा. शिवाय गाडी स्वित्झर्लंड आणि इटलीत नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या. इटलीत पुन्हा वेगळी तऱ्हा आहे. मोटरवेवर शिरताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. तिथली पिवळ्या पाटीची ‘टेलेपास’ लेन म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी. हत्तरगीच्या नाक्यावर बिनदिक्कत फास्टॅगच्या लेनमध्ये घुसायची आपल्याला सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो की त्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नका.

आता माझी फजिती. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग आहे. परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो. माझ्या मोबाइलमधल्या अ‍ॅपने हॉटेलच्या दारापर्यंत व्यवस्थित निळी रेघ आखली आणि मी त्या रेघेवरून सरळ आत गेलो. कोणी अडवले नाही, कोणी शिट्टी वाजवली नाही, आणि संध्याकाळी मी मेहुण्यांना फोन करून आपल्या हुशारीचे वर्णनही केले. काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीने माझी माहिती पोलिसांना पुरवल्याचा आकार कार्डावरून कापून घेतला, आणि त्यामागून दंडाची नोटीस निपाणीच्या घरी आली. नोटिशीवरची वेळ पाहिली तेव्हा लक्षात आले की त्याच संध्याकाळी मी दोनदा आत गेलो होतो.

म्हणून फ्लॉरेन्ससाठी अ‍ॅपमध्ये हॉटेलचा पत्ता घालूच नका. ‘व्हिला कोस्तान्झा’ हा वाहनतळ घाला. ए-१ मोटरवेवरूनच त्यात थेट शिरता येते आणि तिथून टी-१ ही ट्राम शहरात जाते. हॉटेल आतल्या भागात असेल आणि गाडी दारापर्यंत न्यायचीच असेल, तर ते आपल्या गाडीचा नंबर नोंदवून देतात का, हे आधी लेखी विचारून ठेवा. मिलानच्या मध्यभागीही ‘एरिया सी’ नावाचा असाच पैसे भरून शिरण्याचा विभाग आहे.

चिकोडीचा जुना चालक यांचे उत्तर

निपाणीकरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. परंतु वेगळ्या यंत्राची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे.

मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो असताना मी महिनाभर गाडी चालवली. मोबाइल काचेजवळ अडकवला होता, वरून ऊन, खालून चार्जर, आणि नकाशा अखंड चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी तो इतका तापला की पडदा काळा पडला आणि थंड होईपर्यंत उघडेना. जवळपास गाव नव्हते, रेंज नव्हती. मग जावयाचे जुने यंत्र काढून लावले आणि उरलेला प्रवास त्यावर निभावला. यंत्राचा पडदा उन्हात दिसतो, मध्येच कोणाचा फोन येऊन नकाशा झाकला जात नाही, आणि आपला मोबाइल अडीअडचणीसाठी चार्ज राहतो.

मात्र विकत घेण्यापूर्वी त्यात कोणत्या प्रदेशाचा नकाशा आहे ते पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रात सहसा भारताचाच नकाशा असतो आणि युरोपचा वेगळा घ्यावा लागतो. नकाशा अद्ययावत करण्यासाठी यंत्र संगणकाला जोडून तासन्‌तास बसावे लागते, तेही निघण्यापूर्वी. दर वर्षी जाणार असाल तर घ्या. एकदाच जाणार असाल तर माझा आग्रह नाही. मात्र मोबाइल काचेवर न अडकवता एसीच्या जाळीला लावायची पकड घ्या, म्हणजे त्याला गार हवा लागत राहील.

जांबोटीचा नकाशेवाला यांचे उत्तर

मी जीआयएसचे, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचे काम करतो, म्हणून आतली थोडी माहिती देतो. त्यावरून निवड सोपी होईल.

दुकानात अ‍ॅप शेकडो दिसतात; पण त्यांच्या मागे असलेल्या नकाशांची घराणी मोजकीच आहेत. गूगलचा नकाशा त्याचा स्वतःचा. हिअरचा नकाशा मूळ ‘नॅव्हटेक’ या अमेरिकी कंपनीचा. ती नोकियाने घेतली, आणि २०१५ मध्ये नोकियाकडून ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या जर्मन मोटार कंपन्यांनी मिळून हिअर विकत घेतली. टॉमटॉम ही डच कंपनी. तिने २००८ मध्ये ‘टेले अ‍ॅटलस’ ही नकाशे बनवणारी कंपनी घेतली. सिजिक या स्लोव्हाकियाच्या अ‍ॅपमध्ये टॉमटॉमचीच माहिती असते. चौथे घराणे म्हणजे ‘ओपनस्ट्रीटमॅप’. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा स्वयंसेवकांनी काढलेला आहे. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ आणि ‘ऑसमँड’ ही अ‍ॅपे त्यावर चालतात.

हे सांगण्याचे कारण असे की, खबरदारी म्हणून दोन अ‍ॅपे ठेवायची असतील तर ती दोन वेगळ्या घराण्यांतली हवीत. टॉमटॉम आणि सिजिक अशी जोडी ठेवली तर एकाच आईची दोन लेकरे सोबत घेतल्यासारखे होते. एक जिथे चुकेल तिथे दुसरेही चुकण्याचा संभव अधिक. हिअर वीगो आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही जोडी मला योग्य वाटते. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही पूर्णपणे ऑफलाइन चालतात. जर्मनीत ओपनस्ट्रीटमॅपचे काम इतके दाट झालेले आहे की पायवाटा, बाके आणि पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा त्यात सापडतात. गाडी लावून पायी फिरताना वहिनींना त्याचाच अधिक उपयोग होईल. ऑसमँड गुणी आहे, पण त्यातल्या सेटिंगांचे जंगल पाहून नवखा माणूस गांगरतो. शिवाय त्याच्या फुकट आवृत्तीत नकाशे मोजकेच उतरवता येतात.

पैसे भरून मिळते ते मुख्यतः नीटनेटकेपणा: मोठ्या जंक्शनचे चित्र, लेनच्या खुणा, कॅमेऱ्यांची सूचना. रस्ता फुकटच्या अ‍ॅपपेक्षा वेगळा निघेलच असे नाही. दहा-बारा दिवसांच्या प्रवासासाठी मी पैसे भरणार नाही.

विमानातून उतरल्यावर अनेकांचा एका गोष्टीने गोंधळ होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि जागा नक्की करायला निदान चार उपग्रहांचा संदेश मिळावा लागतो. तो संदेश सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेविषयीची माहिती पूर्ण यायला साधारण अर्धा मिनिट लागते, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ पंचांग यायला साडेबारा मिनिटे. नेट असले की मोबाइल ही माहिती इंटरनेटवरून झटकन घेतो, म्हणून आपल्याला एरवी हे जाणवत नाही. नेट नसताना, हजारो किलोमीटर दूर जाऊन मोबाइल उघडला की तो काही वेळ आपण कुठे आहोत हेच सांगत नाही किंवा भलतीच जागा दाखवतो. त्यातून भाड्याची गाडी बहुधा तळघरातल्या वाहनतळात उभी असते, जिथे उपग्रहांचा संदेश पोचतच नाही. तेव्हा गाडी उघड्यावर आणून बाजूला थांबवा, पाच मिनिटे जाऊ द्या, निळा ठिपका जागेवर आला की मगच निघा. लांब बोगद्यातही संदेश तुटतो. तिथे अ‍ॅप तुमच्या वेगावरून अंदाजाने ठिपका पुढे सरकवत असते, त्यामुळे गॉटहार्डमध्ये ठिपका मागेपुढे झाला तर घाबरू नका. आत वळायला दुसरी वाट नाही.

सेटिंगमध्ये ‘सर्वांत जवळचा रस्ता’ न निवडता ‘सर्वांत लवकर पोचवणारा’ निवडा. जवळचा निवडला तर अ‍ॅप भलत्याच आडवाटेने नेऊ शकते. ‘मोटरवे टाळा’ हा पर्यायही बंद ठेवा, नाहीतर अ‍ॅप गॉटहार्डला बोगद्याऐवजी वरच्या जुन्या घाटरस्त्याने नेऊ शकते. तो रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि मे महिन्यात उघडला असेलच असे नाही. उतरवलेल्या नकाशाला ते कळत नाही. आपल्याकडेही जवळच्या वाटेचा मोह काय करतो ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसले. गोव्याला निघालेले एक कुटुंब नकाशाच्या भरवशावर खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात शिरून रात्रभर अडकल्याची बातमी आपण वाचली असेल.

शेवटी एक गृहपाठ सुचवतो. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका (त्यात नेट आणि फोन बंद होतात, जीपीएस चालू राहते) आणि एका रविवारी चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावापर्यंत जाऊन या. कणकुंबीच्या आसपास रेंज तशीही जातेच. रस्ता तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे चुकलात तर अ‍ॅप चुकले की आपण, हे तिथल्या तिथे कळेल. युरोपात पहिल्यांदा वापरण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

अँटवर्पची बेळगावकर यांचे उत्तर

काका, नमस्कार. माझे माहेर शहापूरचे. सध्या बेल्जियममध्ये राहते. अ‍ॅपविषयी वरच्यांनी लिहिलेच आहे. मी पाट्यांविषयी लिहिते, कारण गोंधळ मोबाइलपेक्षा तिथे अधिक होतो.

एकाच गावाला दोन नावे आणि पाटीवर त्यातले कोणते असेल याचा भरवसा नाही, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. इथे मी ती रोज अनुभवते. अँटवर्पहून फ्रान्समधल्या लिलला जायला ई-१७ घेतला की पाट्यांवर नुसते लिल शोधून भागत नाही. ‘राइसल’ असते, कारण डच भाषेत लिलचे नाव ते आहे. लिएजला जाताना ‘लाउक’ शोधावे लागते, आणि भाषेची हद्द ओलांडली की पुढच्याच पाटीवर त्याचे लिएज होते. ही हद्द इथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने आखली गेली आहे. नवीन असताना एकदा मी राइसल म्हणजे भलतेच गाव समजून पुढच्या फाट्याने बाहेर पडले आणि यजमानांनी अर्धा तास तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तुमच्या वाटेवरही हे आहे. अ‍ॅप इंग्रजीत ठेवले तर ते फ्लॉरेन्स म्हणेल, पाटीवर ‘फिरेन्झे’ असेल. व्हेनिस म्हणजे ‘व्हेनेत्सिया’, तुरिन म्हणजे ‘तोरिनो’. इटालियन लोक म्युनिकला ‘मोनाको दि बव्हिएरा’ म्हणतात, त्यामुळे मोनाको ऐकून समुद्रकिनाऱ्यावरचे मोनाको समजू नका. वहिनींनी निघण्यापूर्वी वाटेतल्या आठ-दहा गावांची स्थानिक नावे एका वहीत देवनागरीत लिहून ठेवावीत. गावाच्या नावापेक्षा रस्त्याचा क्रमांक आणि बाहेर पडण्याच्या फाट्याचा क्रमांक यांवर लक्ष ठेवले तर आणखी सोपे जाते. अ‍ॅपच्या आवाजातली रस्त्यांची नावे बंद करून टाका. इंग्रजी आवाज जर्मन नावांचा जो उच्चार करतो तो जर्मन माणसालाही कळणार नाही.

पाट्यांचे रंगही देशागणिक फिरतात. जर्मनीत मोटरवेची पाटी निळी असते. स्वित्झर्लंड आणि इटलीत मोटरवे हिरवा आणि निळी पाटी साध्या रस्त्याची. बाझेल ओलांडल्यावर सवयीने निळ्या पाटीमागे गेलात की गावात शिरलात म्हणून समजा.

वर कॅमेऱ्यांच्या सूचनेचा उल्लेख आला आहे, त्याविषयी सावध करते. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारी सोय गाडी चालवताना वापरायला जर्मनीत कायद्याने मनाई आहे, आणि स्वित्झर्लंडचा नियम त्याहून कडक आहे. तिथे अशी सोय असलेले यंत्र सोबत बाळगणेही चालत नाही. अ‍ॅपमध्ये ती सूचना असेल तर कार्ल्सरूहेतच बंद करा. तसेच जर्मनीत गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर १०० युरो दंड होतो. मोबाइल पकडीत राहू दे आणि त्याला हात लावायचा तो वहिनींनी.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगळे यंत्र घेण्याचा विचार सोडला आहे. हिअर वीगो आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही दोन अ‍ॅपे दोघांच्याही मोबाइलवर घेतली, आणि चिकोडीकरांच्या सल्ल्याप्रमाणे एसीच्या जाळीला लावायची पकडही आणली.

नकाशेवाल्यांनी सांगितलेला गृहपाठ करण्यापूर्वी एक छोटा प्रयोग केला. दोन्हींपैकी एका अ‍ॅपमध्ये फक्त कर्नाटकाचा नकाशा उतरवला, नेट बंद केले आणि चंदगडचा रस्ता विचारला. चंदगड महाराष्ट्रात असले तरी घरापासून हाकेच्या अंतरावरचे. पण रस्ता आखायला अ‍ॅप तयारच होईना. पुढचा नकाशा डाउनलोड करा, अशी सूचना आली. शिनोळीच्या सीमेपलीकडे त्याच्या लेखी जगच नव्हते. आम्ही दोघेही खूप हसलो. पण त्यामुळे एक लक्षात आले. मी यादीत मुलाच्या गावाभोवतीचा जर्मनीचा भाग, स्वित्झर्लंड आणि इटलीचा फक्त फ्लॉरेन्सकडचा भाग एवढेच उतरवले होते. मधला मिलानकडचा भाग राहून गेला होता. आता तो घेतला आहे.

परवाच्या रविवारी एअरप्लेन मोडवर साखळीपर्यंत जाऊन आलो. जांबोटीपर्यंत सौ. मला वळण येऊन गेल्यावर वळण सांगत होती. कणकुंबीच्या चढावर तिला अंदाज आला आणि घाट उतरेपर्यंत ती ‘तीनशे मीटरवर डावीकडे’ असे आवाजाच्याही आधी म्हणू लागली. येताना साखळीच्या बाजारात मुद्दाम एक चुकीचे वळण घेऊन पाहिले. अ‍ॅपने तक्रार न करता नवा रस्ता आखून दिला. सौ.ने मात्र तक्रार केली.

एक शंका उरली आहे. लुझर्नच्या मुक्कामाचा पत्ता घालून पाहिला तर त्याच नावाच्या रस्त्याची पंधरा-वीस गावे समोर आली. शिवाय जर्मन अक्षरांवरची ती दोन टिंबे आमच्या मोबाइलवर कशी लिहायची?

निपाणीकर

साहेब, ‘बानहोफश्ट्रासे’ म्हणजे स्टेशन रोड. आपल्याकडे शिवाजी चौक जसा प्रत्येक गावात, तसा तो तिकडे प्रत्येक गावात. म्हणून आधी पोस्टाचा क्रमांक घालायचा, मग रस्ता, मग घर क्रमांक. जर्मनी आणि इटलीत तो पाच आकडी असतो, स्वित्झर्लंडमध्ये चार आकडी. टिंबे सापडली नाहीत तर ‘यू’ वर टिंबे असतील तिथे ‘यू-ई’ आणि ‘ओ’ वर असतील तिथे ‘ओ-ई’ अशी अक्षरे लिहा, बहुतेक ठिकाणी चालून जाते. आणखी सोपे हवे असेल तर सगळे मुक्काम आणि वाहनतळ आत्ताच घरी बसून शोधून दोन्ही मोबाइलवर ‘आवडती ठिकाणे’ म्हणून साठवून ठेवा, मग तिकडे काही लिहावेच लागणार नाही.

आणि चार्जरची केबल घ्याल ती डेटा चालणारी घ्या. नुसती चार्जिंगची असली तर गाडीच्या पडद्यावर नकाशा येत नाही. मी तशी नेली होती.

टिळकवाडीकर

केबल आजच तपासली. चार्जिंगचीच निघाली. उद्या बदलून आणतो.